जुना पार्ट मागून घ्यायचा

बाबांचा एक नियम होता. गाडीचा कुठलाही भाग बदलला की जुना भाग मेकॅनिककडून मागून घ्यायचा आणि घरी आणायचा. वायसर असो, केबल असो, नाहीतर झिजून कागद झालेली क्लचप्लेट असो. "जुना पार्ट दाखव म्हटलं की माणूस कसा आहे ते कळतं," असं ते म्हणायचे. आमच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात हे सगळं साठायचं. चकल्यांना डबा नाही आणि ह्या भंगाराला आहे, असं आई दर दिवाळीला म्हणायची. दर दिवाळीला डबा जागच्या जागीच असायचा.

हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला. दिल्लीतल्या कुठल्या लबाड मेकॅनिकपुढे मोडला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं. मी तो मोडला एका मराठी बोलणाऱ्या माणसापुढे, केवळ तो मराठी बोलत होता म्हणून. त्याचा राग अजून गेलेला नाही. मैत्रिणी सांगतात, लिहून काढ, बरं वाटेल. मला बरं वाटून घ्यायचंच नाहीये. जे झालं ते सांगायचं आहे.

गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि आवाज असा की ती फाटकातून आत वळली की आई पानं घ्यायला लागायची. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सरकारी क्वार्टरमध्ये असताना गाडी जिन्याखाली असायची. पुढे मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला तेव्हा ती खाली पार्किंगमध्ये आली, खांबाला टेकून. दर रविवारी सकाळी बाबा आणि मी तिच्यापाशी. मुलगा नाही म्हणून मुलीला शिकवतात, असं शेजाऱ्यांना वाटायचं. खरं तर मला चांगला धडधाकट भाऊ आहे, पण त्याला ग्रीसची किळस यायची.

इंजिन थंड असताना बाजूचं छोटं झाकण काढायचं आणि आतल्या, झडपा हलवणाऱ्या दोन उभ्या दांड्या चिमटीत धरून फिरवायच्या. गोल फिरल्या पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. मापाची पट्टी बाबांनी कधी वापरली नाही. बोटाला कळतं, म्हणायचे. तेल बदलायचं काम माझं. पाठीवर झोपून इंजिनाखाली हात घालायचा आणि चाचपडत तेलाचा बोल्ट शोधायचा. त्या बोल्टाच्या उजव्या बाजूला एक गाठ होती, वाटाण्याएवढी. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी दगड लागून इंजिनाच्या पोटाला चीर गेली होती आणि बाबांच्या ओळखीच्या एका वेल्डरने ती भरून दिली होती. आधी गाठ लागायची, मग बोल्ट. आईला न बघता मिठाचा डबा सापडायचा तशी ती मला सापडायची.

आणखी एक काम माझ्याकडे होतं. गाडीच्या कागदांसाठी इंजिनावरच्या नंबराचा ठसा लागायचा. आकड्यांवर पातळ कागद ठेवायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, की आकडे कागदावर उमटतात. बाबा कागद घट्ट धरायचे आणि मी घासायचे. एक ठसा कचेरीत जायचा, एक आमच्या फाइलमध्ये. त्या नंबरातला सात जरा खाली घसरलेला होता. "कारखान्यातल्या माणसाला त्या दिवशी चहा मिळाला नसणार," हे बाबा दर वेळी म्हणायचे आणि मी दर वेळी हसायचे.

बाबा गेले तेव्हा गाडी बरीच वर्षं बंद होती. ताडपत्रीखाली मांजरीची तिसरी पिढी नांदत होती. त्यात दिल्लीचा नियम असा की पंधरा वर्षांवरची पेट्रोलची गाडी रस्त्यावर चालवायची नाही, दिसली तर उचलून भंगारात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनदा नोटीस दिली. एकच वाट होती. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी मूळ रूपात असेल, म्हणजे सांगाडा तोच, इंजिन तेच, तर तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद होते. मग तिला कोणी भंगारात ओढून नेऊ शकत नाही. आमच्या गाडीला पन्नास होऊन गेली होती आणि तिचं सगळं मूळचं होतं. तिला फक्त पुन्हा जिवंत करायचं होतं. बाबांचं माझ्याकडे एवढंच उरलं होतं, आणि मला ते भंगारात जाऊ द्यायचं नव्हतं.

मी काही भोळी बाई नाही. मंत्रालयात पंचवीस वर्षं फायली तपासल्या आहेत. दिल्लीतले तीन मेकॅनिक मी पहिल्या पाच मिनिटांतच बाद केले. एक म्हणाला, इंजिन उघडना पड़ेगा, गाड़ी छोड़ जाओ. मी म्हटलं, माझ्यासमोर उघडा. तो हसला, मी निघाले. दुसऱ्याला विचारलं, जुने पार्ट परत देणार का? तो म्हणाला, "मैडम, उसका आप अचार डालोगे?" तिसऱ्याचं तर सांगतच नाही.

आणि मग मराठी मंडळाच्या गणपतीत सुभेदार काका भेटले. साताऱ्याकडचे, फौजेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले, निवृत्तीनंतर गाझियाबादला घर बांधून राहिलेले. घरामागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये जुन्या मोटरसायकली दुरुस्त करायचा उद्योग. मी गाडीचं वर्णन करत होते तर त्यांनी मध्येच विचारलं, "ताई, आतल्या दांड्या बोटानं फिरवून बघितल्यात का?"

झालं. मी विरघळलेच.

दिल्लीत जन्म काढलेल्या मराठी माणसाचं हे दुखणं बाहेरच्याला कळणार नाही. दिवसभर भाजीवाल्याशी, साहेबाशी, मेट्रोतल्या शेजाऱ्याशी हिंदी. माझ्या मुलीला 'किल्ली' म्हटलं की ती 'चाबी ना?' असं विचारून घेते. अशात कोणी 'ताई' म्हणून हाक मारली की आम्ही त्याचं चारित्र्य तपासायचं सोडून त्याला घरी जेवायला बोलावतो. मंडळात असे किती जण फसले, हे मला माहीत होतं. कोणी प्लॉटमध्ये, कोणी लग्न जुळवताना. मी त्यांना हसायचे.

गाडी टेम्पोत घालून गाझियाबादला नेली. पुढचे आठ महिने बहुतेक रविवार मी तिथे असे. काका काम करायचे, मी हाताशी. त्यांच्यासाठी मी ऑफिसातली मराठी वर्तमानपत्रं गोळा करून न्यायचे, शिळी असली तरी ते जाहिरातींसकट वाचायचे. काकू थालीपीठ लावायच्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं. सासरी जाताना ती पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली. मला वाटलं, ह्या शहरात बाबांनंतर मला पुन्हा एक घर मिळालं.

इंजिन पूर्ण उघडलं तेव्हा मात्र मी तिथे नव्हते. मार्चअखेर होती, ऑफिसातून हलता येत नव्हतं. तीन रविवार माझे बुडाले. चौथ्या रविवारी गेले तर इंजिन जोडून, रंगवून तयार. पिस्टन नवा, बेअरिंगं नवी. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले होते: काका, जुने पार्ट? पण काकूंनी नुकताच माझ्या हातात खिरीचा वाडगा दिला होता. त्या माणसाला असं विचारायचं म्हणजे तोंडावर चोर म्हणण्यासारखं वाटलं. लाज वाटली मला. विचारायची लाज वाटली, हे आज लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

नंबर मी नुसता वाचून बघितला. बरोबर होता. आमचाच.

गाडी घरी आली, रस्त्यावर काढता येत नव्हती म्हणून दर रविवारी मी ती सोसायटीच्या आवारातच फिरवली, आणि महिन्याभराने नव्या पिस्टनचं पहिलं तेल बदलायला खाली झोपले. हात घातला. बोल्ट लागला. गाठ लागली नाही. मी पुन्हा चाचपलं, इकडून, तिकडून. सगळं गुळगुळीत. तिथूनच, पाठीवर पडल्या पडल्या, काकांना फोन लावला.

"हा, ती होय," ते म्हणाले. "ती मी ग्राइंडरनं साफ केली, ताई. वंगाळ दिसत हुती. आता बिल्कुल नव्यासारखं झालंय."

मला थोडं रडू आलं, पण ते गाठ गेल्याचं. आपण विचारलं नाही म्हणून त्यांना कळलं नाही, त्यात त्यांची काय चूक, असं मी मनाला समजावलं. हाताला कळलं होतं. हाताचं मी ऐकलं नाही.

नोंदणीच्या तपासणीचा दिवस आला. मी नवी साडी नेसले होते, एवढी हौस. टेम्पोतून गाडी उतरवली, पुसली. तपासणी अधिकारी तरुण होता, शांत बोलणारा. त्याने इंजिनाच्या नंबरावर कागद ठेवला आणि पेन्सिल घासली. मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, "मेरे पास इसका पुराना वाला भी है," आणि बाबांची फाइल काढून समोर ठेवली. कोणी मागितली नव्हती. मला मिरवायचं होतं की हा ठसा मी सहावीत असताना घेतलाय.

त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग खिशातून भिंग काढलं.

"मैडम, ये सात देखिए."

मी पाहिलं. माझ्या ठशातला सात खाली घसरलेला. त्याच्या ठशातला सात सरळ. सगळेच आकडे सरळ, कवायतीला उभे केल्यासारखे. नवे ठोकलेले.

"ये इंजन वो नहीं है. किसी ने दूसरे पर आपका नंबर मारा है," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "मैं अभी कुछ लिख नहीं रहा हूँ. आप गाड़ी ले जाइए. लिखूँगा तो पहले आप ही से पूछा जाएगा."

पंचवीस वर्षं मी इतरांच्या कागदांवर शेरे मारले. त्या दिवशी मुलाच्या वयाच्या एका अधिकाऱ्याने माझ्यावर दया केली.

विश्वास पानिपतात गेला, असं आपल्याकडे म्हणतात. दिल्लीकराला पानिपत तसं जवळच आहे, पण माझा विश्वास तेवढंही लांब गेला नाही. गाझियाबादलाच संपला.

मी तशीच, साडीतच, काकांकडे गेले. ते शेडमध्ये होते. मी दोन्ही कागद त्यांच्या पुढ्यात धरले. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढून पुसला.

"ताई, तुमच्या इंजिनाचं पोट फुटलं हुतं," ते म्हणाले. "दोन तुकडं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हाय खाल्ली असती. म्हणून दुसरं बसवलं. तुमच्यासाठीच केलं."

"अच्छा. मग ते फुटलेलं दाखवा."

"भंगारवाला घेऊन गेला."

"काका, फौजेत तुम्ही एक स्क्रूसुद्धा सही घेतल्याशिवाय दिला नसेल. माझं अख्खं इंजिन भंगारवाल्याला दिलंत?"

काकू दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि तशाच आत गेल्या. त्यांना माहीत होतं. मला ते तेवढ्यात कळलं, आणि का कोण जाणे, तेच जास्त लागलं.

"खरं सांगू का?" काका शेवटी म्हणाले. "मानेसरला एक साहेब आहेत. कारखाना आहे त्यांचा. त्यांच्याकडं हीच गाडी, पण इंजिन गेलेलं. तुमचं इंजिन बघितलं मी उघडून, आतून एक ओरखडा नाही. वडलांनी लेकरासारखं ठेवलेलं. साहेबांनी आमच्या जावयाला कारखान्यात परमनंट केलं, ताई. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं हुतं?"

"मला विचारायचं होतं."

"तुम्ही दिलं असतं का?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले, जणू त्यांचंच म्हणणं सिद्ध झालं. आणि मग ते वाक्य, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही: "तुम्हालाही चांगलंच बसवलंय की. बाईमाणसानं रविवारी एक चक्कर मारायची, त्याला काय कमी आहे? चांगलं इंजिन चांगल्या ठिकाणी गेलं, असं समजा."

केसाने गळा कापणं ऐकलं होतं. कापल्यावर वर समजूतही घालतात, हे नवीन होतं. मी त्यांच्या अंगावर ओरडले, मराठीत सुचेना तेव्हा हिंदीत ओरडले, शेजारचे गच्चीवर येऊन उभे राहिले. त्यांनी मान वर केली नाही. पण माफीही मागितली नाही.

मंडळात मी सांगितलं. सगळे हळहळले आणि सगळे म्हणाले, जाऊ दे यार, आपला माणूस आहे, पोरीच्या संसारासाठी केलं बिचाऱ्याने. त्या वर्षी आरतीच्या वेळी ते पहिल्या रांगेत होते. मी घरी होते.

मानेसरच्या साहेबांचा पत्ता काढणं कठीण नव्हतं. तिथे जुन्या मोटरसायकली असलेले कारखानदार असे किती असणार? मी फोनवर सांगितलं, मला शौक आहे, बघायच्या आहेत. रजा टाकली, मेट्रोने गुरुग्राम, पुढे शेअर ऑटोत कामगारांच्या मध्ये अंग चोरून बसून पोचले. कारखान्याच्या पुढच्या भागात एक मोठी खोली होती, ग्रॅनाइटची फरशी, त्यावर सात-आठ गाड्या ओळीने. साहेब साठीचे, मऊ बोलणारे. आपण होऊन सगळं दाखवत होते. आमच्यासारखी गाडी चौथी होती.

मी विचारलं, खालून बघू का? ते म्हणाले, "बिल्कुल." मी पर्स ठेवली आणि त्या थंड फरशीवर पाठीवर झोपले. हात घातला. शोधावं लागलं नाही. हात थेट गाठीवर गेला.

उठले तेव्हा साहेब पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, ठसा दाखवला, गाठ कुठे आहे ते दाखवलं. त्यांनी वाकून, गुडघ्यावर बसून, स्वतःचा हात घालून ती पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"मुझे तो बताया गया था, फ़ौज की नीलामी का है," ते म्हणाले. "मैडम, आप कहें तो मैं आज खुलवा दूँ. पर इस पर से आपका नंबर घिसा जा चुका है. मेरा नंबर मारा हुआ है. वापस ले जाएँगी तो भी ये किसी काग़ज़ पर आपका नहीं बनेगा."

मला हे माहीत होतं. तपासणीच्या दिवसापासून माहीत होतं. तरीही कोणीतरी तोंडाने म्हणेपर्यंत माणूस आशा धरून बसतो.

त्यांना काय करावं सुचत नव्हतं. ते आतल्या कपाटापाशी गेले आणि दोन्ही हातांनी एक जड पुडकं घेऊन आले. टेबलावर ठेवून सोडलं. आत इंजिनाचं फुटलेलं पोट होतं, तडा गेलेलं, तेलाने काळं. त्यांच्या गाडीचं, मूळचं. त्यावर त्यांचा जुना नंबर स्वच्छ दिसत होता. ज्या वर्तमानपत्रात ते गुंडाळलं होतं ते मराठी होतं. मीच कुठल्यातरी रविवारी काकांकडे नेलेलं असणार.

"मैं पुराना पार्ट हमेशा वापस माँगता हूँ," साहेब म्हणाले. "सूबेदार साहब खुद लाकर दे गए थे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "आपने नहीं माँगा था?"

मी मान हलवली. नव्हता मागितला. आपल्या माणसाकडे कसा मागायचा?